धाविकासमोरची बोटभर जागा

ईरा, अनय,

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, पण बोलणार आहे तुमच्या आबांशी. तुम्ही शेजारी बसून ऐकता आहात असं समजा.

आबा गेले तेव्हा तुम्हाला येता आलं नाही. दशक्रियेच्या दिवशी तुमच्या बाबांनी नदीच्या घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. मांडवाच्या तोंडाशी आबांचा मोठा फ्लेक्स लावला होता. तो पाहून ईरा, तू विचारलंस, "आजी, हे कोण आहेत?" बाबांनी फोन पटकन दुसरीकडे वळवला. नंतर तू मला एकटीला फोन केलास आणि म्हणालीस, "मला आबांचा आबांसारखा दिसणारा एक फोटो पाठव." मी शोधायला बसले. काय मिळालं आणि काय मिळालं नाही, ते आताच सांगून टाकते. माझी आठवण अजून जागच्या जागी आहे, पण ती किती दिवस तशी राहील याची हमी या वयात कोणी देत नाही.

आबांचं बोलणं मी ते बोलायचे तसंच लिहिणार आहे. ते त्यांनी मला कधी सुधारू दिलं नाही. कुठे अडलं तर बाबांना विचारा.

अहो, ऐकताय ना?

जेवणाच्या टेबलाचं भिंतीकडचं टोक मी अजून रिकामं केलेलं नाही. लॅपटॉप तिथेच आहे, कॅमेऱ्याचं कार्ड घालायची ती छोटी डबी तिथेच आहे, आणि तुमची खुर्ची तुम्ही लावायचात तशी तिरपी आहे. रोज पुसताना ती सरळ करायला माझा हात जातो, आणि मी तो मागे घेते.

आपल्या कामाची वाटणी पक्की होती. कॅमेरा तुमचा, कॉम्प्युटर माझा. सकाळी फिरून आलात की बूटही न काढता तुम्ही कार्ड माझ्यापुढे ठेवायचात. मी आधी क्षितिज सरळ करायची. तुमचं प्रत्येक क्षितिज डावीकडे कललेलं असायचं. मी म्हणायची, "जन्मभर गुरांच्या पोटाखाली वाकून काम केलंत, त्याचा हा परिणाम." तुम्ही म्हणायचात, "जमीनच तशी हाय, मी काय करू." मग सावल्या थोड्या उजळायच्या, रंगातले दाणे कमी करायचे, डोळ्याला जराशी धार द्यायची. उजेड जास्त झाला की मागून आवाज यायचा, "आगं बास. नवरीवानी दिसाया लागलं त्ये."

आणि सगळ्यात शेवटी क्रॉप. तुम्ही त्याला कधी क्रॉप म्हटलं नाही. तुम्ही म्हणायचात, "कातर."

घोडेगावच्या वरच्या अंगाला तुमच्या वडिलांची मेंढरं होती. कातरणीच्या दिवशी मेंढीचे पाय धरून बसायचं काम लहानपणी तुमच्याकडे असायचं. पुढे शिकलात, गुरांचे डॉक्टर झालात, तालुकाभर मोटारसायकलवर हिंडलात, पण कातरीचा आवाज तुमच्या कानातून गेला नाही. "अंगासरशी कातरू नको, मास्तरीणबाई. बोटभर ठिव. नायतर गारठंल ते." असं म्हणून तुम्ही खरोखर बोट आडवं करून स्क्रीनवर टेकवायचात, पाखराच्या चोचीपुढे. पाखरू ज्या बाजूला बघतं आहे त्या बाजूला निदान बोटभर जागा सुटली पाहिजे. मी इंग्रजी पुस्तकात हेच फार भारदस्त शब्दांत वाचलं होतं. लक्षात राहिलं ते तुमचं. बोट उचललंत की मी चष्म्याचं फडकं घेऊन ठसा पुसायची, आणि तुम्ही मुद्दाम पुन्हा उमटवायचात.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं आहे. खोडदला त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तारेवर बसलेला तो नीलपंख. मागे ती अवाढव्य तबकडी अर्धी दिसत होती. मला ती हवी होती, तुम्हाला नको होती.

"हे पाखरू खोडदचं आहे हे कळायला नको का?"

"पाखराला तरी कुठं म्हाईत हाय, खोडद कुठं संपतंय ते."

"आणि बघणाऱ्याला?"

"बघणाऱ्यानं पाखरू बघावं. जागा बघायची आसंल तर यष्टी हाय की."

मी तबकडी कापली, पण हार मानली नव्हती. नेमकं उत्तर मला सुचलं ते तुम्ही गेल्यावर, कपडे वाळत घालताना. जागेशिवाय पाखरू म्हणजे ओळखपत्रावरचा फोटो. किती चांगलं उत्तर होतं. चिमटा हातात धरून मी मागे वळले आणि मग मला आठवलं.

दुसरं भांडण मात्र तुम्ही निर्विवाद जिंकलं होतं, खाटकाचं. बाभळीवर बसलेला खाटीक पक्षी, राखी पाठ, डोळ्यावर काळी पट्टी, फोटो काय सुरेख आला होता. फक्त त्याच्या पोटासमोर एक काटेरी डहाळी आडवी आली होती. मला आडवं आलेलं काही सहन होत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी तो पुसायचा ब्रश घेतला आणि आजूबाजूचं आकाश ओढून काटा झाकून टाकला. कोणाला कळलं नसतं इतकं नीट काम होतं. तुम्ही चहाचा कप ठेवलात आणि वाकून बघितलंत.

"काटा कुठं गेला?"

"काढला. मध्ये येत होता."

"आगं, त्याच काट्यावर ते किडं टोचून ठिवतंय. मग निवांत खातंय. तू तर खाटकाचं दुकानच उठवलंस!"

तुम्ही इतके हसलात की मलाही हसू आलं. पण हसणं संपल्यावर तुम्ही गंभीर झालात. म्हणालात, "कातरायचं, पुसायचं नाय. कातरलं म्हंजी आपून कमी बघितलं. पुसलं म्हंजी खोटं बघितलं." त्या दिवसापासून आपल्या घरात तो ब्रश बंद झाला.

आणखी एक नियम होता, तो मला कधीच पटला नाही. फोटो कातरून झाला की मूळ फोटो ठेवायचा नाही. मी सगळ्याच्या दोन प्रती ठेवणारी बाई. घराच्या किल्ल्यांचीसुद्धा जोडी माझ्या कपाटात चिठ्ठी लावून टांगलेली असते. मी दरवेळी विचारायची, "मूळचा राहू दे का?" तुमचं उत्तर ठरलेलं. "कातरलेली लोकर कुणी मेंढीला परत चिटकवतंय का?" आणि उडवायचं बटण तुम्ही स्वतः दाबायचात. कातरणं माझं, उडवणं तुमचं.

मग तुमच्या हातांचा कंप सुरू झाला.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, पण ते नाव आपण घरात आणलं नाही. तांब्यातलं पाणी अंगठ्यावर सांडायचं आणि तुम्ही तांब्याला शिव्या द्यायचात. फोटो हललेले यायला लागले. आधी तुम्ही लेन्सला दोष दिलात, मग वाऱ्याला. मी कार्ड उघडायची, हललेले फोटो पुढे ढकलत राहायची, आणि एखादा बरा निघाला की मोठ्यानं म्हणायची, "हा बघा." तुम्ही एकदा बघून बूट काढायला उठायचात. हललेला फोटो कितीही कातरला तरी सुधारत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. आळे गावाच्या अलीकडच्या माळावर आपण गाडी लावली. तुमच्या नात्यातल्या एकाची मेंढरं तिथे चरत होती आणि त्यांच्या मागे धाविक उतरले होते. नातवंडांनो, धाविक कबुतराहून लहान, उंच पायांचा, विटकरी छातीचा पक्षी. डोळ्यावर पांढरी भुवई. चार पावलं धावतो, थांबतो, मान ताठ करून बघतो. मेंढरांच्या पायांनी किडे उठतात, ते टिपायला येतो. आबांना तो फार आवडायचा, कारण त्यांच्या लहानपणी तो मेंढरांबरोबर असायचा.

तुम्ही कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवलात. म्हणालात, "आज बटण तू दाब."

"आणि तुम्ही?"

"मी दगड."

"म्हणजे?"

"पाखरू माणसाला भीत नाय, माणसाच्या चालण्याला भीतं. बसलेल्या माणसाला ते दगडच समजतं. मी फुडं जाऊन बसतो. ते माझ्यापाशी येतंय का नाय बघ."

गाडीच्या खिडकीत तुम्ही ती बाजरी भरलेली पिशवी ठेवलीत, तुमच्या जुन्या पँटीच्या पायाची शिवलेली, आणि तिच्यावर कॅमेरा टेकवून दिलात. मग घोंगडी खांद्यावर टाकून गेलात आणि माळावर गुडघे वर करून बसलात. मेंढरं तुमच्या बाजूने गेली. बराच वेळ काही झालं नाही. मग एक धाविक धावत आला, थांबला, पुन्हा धावला आणि तुमच्यासमोर येऊन ताठ उभा राहिला. मी श्वास रोखला आणि बटण दाबलं. गाडीत परत बसताना तुम्ही विचारलंत, "गावलं का?" मी म्हटलं, "बहुतेक." तुम्ही म्हणालात, "बहुतेक काय? तुजा हात काय माज्यासारखा हाय व्हय?"

आजारावर तुम्ही स्वतः बोललात ते एवढंच.

टेबलावर तो फोटो उघडला. उजवीकडे धाविक, पिसा-पिसानं स्पष्ट. डावीकडे तुम्ही. टोपी मागे सरकलेली, घोंगडी खांद्यावर, गालावर बैलाच्या शिंगाचा तो जुना वण, तोंड मिटून हसणं. पाखरू तुमच्याकडे बघत होतं आणि तुम्ही पाखराकडे. दोघांच्या मध्ये वाळकं गवत. आणि क्षितिज अगदी सरळ.

"कातर मला," तुम्ही म्हणालात.

"राहू द्या हो. फोटो हाच आहे."

"मी कशाला मधी? आडवं आलेलं झुडूप तू ठिवतीस का?"

"झुडूप हसत नाही."

"कातर म्हन्तो ना."

तुम्ही का म्हणत होता ते मला दिसत होतं. नेम पाखरावर होता, म्हणून तुम्ही थोडे धूसर आला होतात. पण गुडघ्यावर टेकलेला उजवा हात धूसर नव्हता, तो हललेला होता. धूसर वेगळं आणि हललेलं वेगळं. हा फरक ओळखायला मला तुम्हीच शिकवलं होतं. मी त्या हाताबद्दल बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. एखाद्या प्रदर्शनात भेटलेल्या दोन अनोळखी माणसांसारखे आपण फोटोच्या मांडणीवर चर्चा करत राहिलो.

मग मी कातरलं. टोपी गेली, वण गेला, हसणं गेलं, हात गेला. डावी कड मी सरकवत आणली ती पाखराच्या चोचीपुढे बोटभर जागा सुटेपर्यंत. तिथे थांबावंच लागलं. आणि त्या बोटभर जागेत, खालच्या कोपऱ्यात, एक तपकिरी गोळा उरला. तुमच्या डाव्या गुडघ्याचं टोक, खाकी विजारीतलं. आणखी कातरलं असतं तर धाविकाची चोच कडेला टेकली असती.

"एवढं ढेकूळ पुसू का?" मी विचारलं.

"नाय."

"घाण दिसतंय ते कोपऱ्यात. कोणाला कळणार आहे?"

"तितं जे व्हतं ते व्हतं. खाटकाचा काटा ठिवलास नव्हं? मग ह्ये बी ठिव."

मी चिडले होते. आडवं येणारं मोठं सगळं काढायला लावलंत, आणि एवढासा डाग मात्र ठेवायचा. मी ठेवला. मग तुम्ही नेहमीप्रमाणे मूळ फोटो उडवायला पुढे झुकलात. बोट थरथरलं, दुसरीकडेच पडलं. पुन्हा गेलं, पुन्हा चुकलं. मी मदत केली नाही. तुम्हाला वाटलं असेल मी फुरंगटून बसले आहे. मी वाट बघत होते, तुमचा नेम परत चुकेल म्हणून.

चुकला नाही.

जुन्नरमध्ये स्टुडिओ असलेल्या मुबारकभाईंनी धाविकाचा मोठा प्रिंट काढून दिला, आपण तो मुलांकडे पाठवला, आणि त्यांनी तो त्यांच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीला लावला. अनयनं पहिल्याच दिवशी फोनवर विचारलं, "आबा, कोपऱ्यात बटाटा का ठेवलाय?" तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "सातगाव पठारचा हाय. भूक लागली तर उकडून खा." मग तो कायमचा बटाटाच झाला. दर फोनला, "आबा, बटाटा अजून शिजला नाही." मी सांगायला तोंड उघडलं की तुम्ही मान हलवायचात. नको. गंमत राहू दे.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तुमचा पुतण्या महेश आला. "काकू, फ्लेक्सला काकांचा फोटो द्या." मी कॉम्प्युटर उघडला. तुमचे फोटो मी किती शिस्तीत लावले आहेत, पक्ष्याच्या नावानं, गावाच्या नावानं, ऋतूच्या नावानं. सगळं उघडलं. शेकाट्या आहेत, चंडोल आहेत, घारी आहेत. तुम्ही कुठेच नाही. कॅमेऱ्यामागे उभं राहणाऱ्या माणसाचा फोटो काढायला कोणी नसतं. मुलांबरोबर विमानतळावर काढलेल्या एकदोन फोटोंत तुमची निम्मी पाठ आहे. शेवटी महेश तुमचं नोकरीतलं ओळखपत्र घेऊन गेला.

घाटावर मी तो फ्लेक्स पाहिला. अंगात काळा कोट, डोक्यावर भगवा फेटा, मागे निळे ढग. तुम्ही आपल्या लग्नातसुद्धा फेटा तासभर ठेवला नव्हता. चेहरा गुळगुळीत, उजळ. गालावरचा वण नव्हता.

"महेश, वण कुठं गेला?"

"पुसायला सांगितला, काकू. चांगलं दिसत नव्हतं. आता बघा, कसे रुबाबदार दिसतायत."

तो भला माणूस आहे. दहा दिवस धावपळ त्यानंच केली. मी काय बोलणार? माझ्याकडे द्यायला दुसरा फोटो नव्हता. तुम्ही एका काट्यासाठी माझ्याशी भांडलात, आणि तुम्हालाच पुसून, उजळून, परक्या कोटात घालून गावासमोर उभं केलं होतं. ज्यांना तुम्ही ओळखत नव्हता त्यांनी माइकवरून तुमच्यावर भाषणं केली. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, डॉक्टरांचं काही मागे राहिलं नव्हतं. तुमचं नसेल राहिलं.

ईराचा फोन आल्यावर मी ते कार्ड घेऊन मुबारकभाईंकडे गेले. उडवलेले फोटो परत काढायची सोय असते असं मी वाचलं होतं. ते दुकान बंद करायचं सोडून बसले. स्क्रीनवर एकेक तुकडा येऊ लागला. अर्धी टिटवी, खाली करडे पट्टे. एका बगळ्याचा नुसता पाय. मी प्रत्येक तुकड्याला खुर्चीतून पुढे सरकत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, नाही राहिले सर यात. तुम्ही कार्ड किती वेळा भरलंय त्याच्यानंतर. त्यांच्यावर पक्षी येऊन बसले."

मी उठले तेव्हा ते म्हणाले, "थांबा. धाविकाचा फोटो आहे ना माझ्याकडे? हल्ली कापलेली बाजू कॉम्प्युटर परत भरून देतो. बघू तर खरं." त्यांनी डावी कड बाहेर ओढली आणि मशीनला ती जागा भरायला सांगितलं. थोडा वेळ चाक फिरलं. मग माळ आला, वाळकं गवत आलं, आणि तुमच्या गुडघ्याच्या जागी एक मोठा, गोल, सुबक दगड आला. त्याच्यावर ऊनसुद्धा बरोबर बाजूनं पडलं होतं.

मुबारकभाई घाईनं म्हणाले, "हा चुकला मॅडम, परत करतो. माणूस बसलाय असं लिहितो. फेटा नको ना? टोपी लिहितो."

"नको," मी म्हटलं. "कोणीतरी म्हातारा येईल. ते नसतील."

"सरांनी करू दिलं नसतं," ते हळूच म्हणाले, आणि स्क्रीन बंद केला.

घरी येताना मला तुमचा राग आला. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू? थरथरणारा हात मला चालला असता. मी रोज त्याच हाताला धरून तुम्हाला न्हाणीघरापर्यंत नेत होते. मुलांनाही चालला असता. तुम्हाला एकट्याला चालला नाही आणि तुम्ही सगळेच्या सगळे निघून गेलात. हे मी तेव्हा टेबलावर बोलायला हवं होतं असं नाही. तुम्ही ऐकलं नसतंत. पण बोलायचं राहिलं, म्हणून आता बोलले.

आणि तरी, त्या कोपऱ्यातलं ढेकूळ मी पुसलं असतं तर? माझा ब्रश हातात होता. तुम्ही "नाय" म्हणालात. त्या एका शब्दासाठी मी तुमचे उपकार मानते. तुम्ही नियम पाळत होता, आणखी काही मनात होतं का, ते मी विचारलं नाही. आता विचारणार नाही.

ईरा, अनय, आबांचा आबांसारखा फोटो माझ्याकडे नाही. फ्लेक्सवरचा तुम्ही ठेवू नका. भिंतीवरच्या धाविकाची फ्रेम कधी बदललीत, तर दुकानदाराला सांगा, कडेची पट्टी डाव्या कोपऱ्यावर येता कामा नये.

तो बटाटा नाही. तो आबांचा गुडघा आहे, आणि पाखरू त्यांच्याकडे बघतं आहे.